एकच अर्ज

अर्ज एकच आला होता, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

"एकातून एक उचलायचा, याला निवड म्हणायचं का?" विभागप्रमुखांनी विचारलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. झालं! तत्त्वज्ञान विभागाच्या निवड समितीला दुपारभराचा खुराक मिळाला.

अर्ज करणारी मुलगी तिथेच बसली होती, विभागप्रमुखांच्या संगणकापाशी. सरांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, त्यामुळे विभागाची असली सगळी हमाली एमएच्या मुलांच्या गळ्यात. स्वतःचीच शिफारस तिने सरांच्या नावाने भरून ठेवली होती. सरांनी नुसतं 'हं' म्हणायचं आणि तिने 'पाठवा'चं बटण दाबायचं, की उन्हाळी अभ्यासवर्गातली जागा तिची. मुदत पाचपर्यंत होती.

आणि जागा तरी कसली! महिनाभर राहणं-खाणं फुकट, शिवाय शिकवायला त्या बाई, ज्या दरवर्षी याच वर्गातून एकाला संशोधनासाठी आपल्या हाताखाली घेत. हे हुकलं तर भावजींचं फरशीचं दुकान होतंच. गल्ल्यावर घरचं माणूस पाहिजे, असं ते ताईला रोज ऐकवत, आणि बाबा मान डोलवत.

"पर्यायच नसेल तर निवड कसली?" तर्कशास्त्राचे सर म्हणाले. मुलं त्यांना 'म्हणूनच सर' म्हणत. "म्हणूनच माझं म्हणणं, आधी पर्याय म्हणजे काय ते ठरवू."

"आणि ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचं काय?" नीतिशास्त्राच्या मॅडमनी कळवळून विचारलं. "त्यांची बाजू इथे कोण मांडणार?"

त्यांच्यातला एक खाली कँटीनमध्ये पत्ते कुटत होता. बाकीच्यांना असा काही वर्ग असतो याचाच पत्ता नव्हता, कारण सूचनेत 'संधी' हा शब्द घालावा की नाही यावर याच तिघांचं एकमत झालं नाही, आणि सूचना फळ्यावर लागलीच नाही. तिला कळलं ते ग्रंथपालांकडून.

"सर, पाच वाजत आले," ती म्हणाली.

"अगं, विचाराला घाई चालत नाही," विभागप्रमुख हसले.

मॅडमनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "बाळा, उमेदवार म्हणून नको, विद्यार्थिनी म्हणून सांग. तुला काय वाटतं?"

"पाठवून टाकावं असं वाटतं."

तिघेही खळखळून हसले. "हे उमेदवार म्हणूनच झालं की!" म्हणूनच सर म्हणाले, आणि समितीचं गुऱ्हाळ पुन्हा सुरू झालं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दोन वर्षं या माणसांच्या तोंडाकडे बघत तिने वह्या भरल्या होत्या. कर्तव्य काय, स्वातंत्र्य काय, न्याय काय! आणि यांच्या तोंडून एक साधा 'हो' निघत नव्हता. वाईट असते तरी चाललं असतं. वाईट माणूस निदान काहीतरी करतो. हे नुसते कीस काढत होते आणि एकमेकांना 'वा, वा' म्हणत होते.

तिने माऊसवर बोट ठेवलं. हे सरांच्या नावाने जाणार, आणि सरांनी 'हं' म्हटलेलं नाही. याला लबाडी म्हणतात, हे कळायला कुठला ग्रंथ उघडायची गरज नव्हती. विभागातून काढून टाकतील. बाबांना काय तोंड दाखवायचं? तिने बटण दाबलं.

शिफारस मिळाल्याचं पडद्यावर लगेच उमटलं.

"सर," ती म्हणाली, "मी पाठवली. तुम्हाला न विचारता."

तिने माफीची वाक्यं मनात जुळवायला घेतली. विभागप्रमुखांनी चष्मा काढला आणि ते पुढे वाकले.

"म्हणजे आता ही शिफारस आपण केली, का हिने?"

"हात हिचा, नाव तुमचं. म्हणूनच प्रश्न अवघड आहे!"

"शिवाय आपण हिला थांबवलं नाही," मॅडम सरसावून बसल्या. "मग आपली संमती धरायची की नाही?"

तिघांचेही डोळे लकाकले.

ती उठून उभी राहिली. कोणीतरी ओरडेल म्हणून थांबली. एकाने तरी टेबलावर हात आपटावा, लबाड म्हणावं, चालती हो म्हणावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि खुर्ची मुद्दाम कर्रकन मागे ढकलली.

"जातेच आहेस तर," विभागप्रमुख तिच्याकडे न बघताच म्हणाले, "कँटीनमध्ये तीन चहा सांगून जा."