छेदातला क्ष

"दाराची कडी लावून घेतेस का गं?" बाई म्हणाल्या, आणि मगच त्यांनी डोक्याचा स्कार्फ सोडला.

पार्लरवालीने कडी लावली, काचेवरचा पडदाही ओढला. वळून बघते तर स्कार्फमध्ये केसांचे झुपके अडकलेले. बाई जवळच्याच शाळेत बीजगणित शिकवायच्या आणि केस रंगवायला नेहमी तिच्याकडेच यायच्या. आजारपणाचं तिच्या कानावर आलं होतं. पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं.

"केमोनंतर जाणारच होते. रोज उशीवर गोळा करत बसण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे," बाई म्हणाल्या. "सगळेच काढून टाक."

तिने त्यांच्या अंगाभोवती कापड बांधलं आणि खुर्ची आरशाकडून वळवायला लागली.

"राहू दे तशीच," बाई म्हणाल्या. मग मशीन हातात घेतलेलं दिसल्यावर हळूच म्हणाल्या, "नाही. फिरव."

खुर्ची फिरली तसं समोर भिंतीलगतचं टेबल आलं. नेलपॉलिशच्या बाटल्यांमध्ये एक पुस्तक उपडं घातलेलं होतं. पार्लरवालीने ते घाईघाईने उचललं.

"दहावीला बसलेय, बाहेरून," ती ओशाळून म्हणाली. "गिऱ्हाईक नसलं की उघडते जरा."

"कुठं अडलीयस?"

"आज राहू दे ना, बाई."

"अगं, मला कुठंतरी बघायला हवं ना. दे इकडं."

पार्लरवालीने पान काढून पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मशीन सुरू केलं. "हे बघा. क्ष छेद क्ष वजा दोन, बरोबर, दोन छेद क्ष वजा दोन, अधिक तीन. वरती असला ना क्ष, तर मी त्याला बरोबर पकडते. छेदात जाऊन बसला की माझं डोकंच चालत नाही."

"छेद आधी घालवायचा. दोन्ही बाजूंना क्ष वजा दोनने गुण. त्या तीनलासुद्धा, त्याला विसरतात सगळे."

"मग क्ष बरोबर दोन, अधिक तीन क्ष, वजा सहा."

"शाबास. पुढं?"

एक मोठी बट पानावर पडली. बाईंनी खडूची धूळ झटकावी तशी ती झटकली. "पुढं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"क्ष बरोबर दोन. माझंही हेच आलं होतं, बाई! दोनदा सोडवलं. आणि मागे उत्तरांत बघते तर 'उकल नाही'. मी म्हटलं, छापताना चुकलं असणार."

"ताळा करून बघ. क्षच्या जागी दोन घाल."

"दोन छेद... दोन वजा दोन." ती अडखळली. "खाली शून्य येतंय."

"शून्याने भागता येतं?"

"नाही." मशीन बंद झालं. "पण मग माझं चुकलं कुठं?"

"कुठंच नाही. पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत."

"सगळं बरोबर, आणि तरी उत्तर नाही? हे काय, बाई!"

वर्गात कुणी असं विचारलं की बाईंचं वाक्य तयार असायचं. छेद शून्य होतो, म्हणून ही किंमत चालत नाही, पुढचं गणित घ्या. आता ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

"हो गं," त्या म्हणाल्या. "मी रोज चालायला जायचे. तेलकटाला हात लावत नव्हते. तपासण्या वेळच्या वेळी. रात्री झोप येत नाही ना, तेव्हा एकेक पायरी तपासते. कुठंतरी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं."

अर्ध्या झालेल्या डोक्यावर पार्लरवालीने तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"थांबू का थोडं?"

"अशी अर्धवट घरी जाऊ? घरातले घाबरतील." बाई हसल्या, नाक ओढलं. "चालव मशीन."

उरलेले केस बघता बघता गेले. तिने ब्रशने मान झाडली, कापड सोडलं, पण खुर्चीला हात लावायचं तिला धाडस होईना. शेवटी बाईंनीच जमिनीला पाय रेटला. खुर्ची हळूहळू वळून आरशासमोर आली.

बाई बघत राहिल्या. कपाळापासून मानेपर्यंत एकदा हात फिरवला, मग उलटा, मानेपासून कपाळापर्यंत.

"पुढचं गणित काढ," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग कधी?"

पार्लरवालीने पुस्तक उचललं. ज्याला उत्तर आहे असंच एखादं त्यांना द्यावं म्हणून ती गुपचूप शेवटची पानं चाळू लागली.

"मागे बघू नकोस," बाई आरशातूनच म्हणाल्या. "आधी सोडवू."