चौथी चकती

सासूबाईंनी स्वतःच्या लग्नाच्या वर्षी लावलेल्या द्राक्षवेलीला मी करवत टेकवताच त्या दार बंद करून घरात बसल्या. मामंजी दरवर्षी वाळलेली फांदी तेवढी छाटत आले. बुरशी मात्र खोडातून खाली सरकत राहिली; रांगेतल्या पुढच्या वेलींनाही तीच लागली होती. निरोगी लाकूड लागलं, तरच बुंध्यातून नवा फुटवा जगणार होता. पहिल्या चकतीत तपकिरी डाग निघाला. स्पिरिटनं करवत पुसून वीतभर खाली दुसरी कापली. तिसरी कापली. डाग होताच. "बस कर गं," मामंजी म्हणाले, "आता उरलंय काय?" "गुडघाभर उरलंय," मी म्हटलं आणि आणखी खाली करवत चालवली. चौथी चकती मातीत पडली. मामंजींनी ती सदऱ्याला पुसली, उलटसुलट पाहिली. पांढरीशुभ्र! ते घराकडे धावत सुटले. दार उघडलं. सासूबाईंनी चकतीवर अंगठा फिरवला, मग डाफरल्या, "माझं तोंड काय बघताय? पोरीला पुढची वेल दाखवा!"