रूबीबाई उठल्या नाहीत

तेल अविवच्या बस स्टेशनापाशी पोलिसाची टोपी दिसली आणि फुटपाथवरचे सगळे फेरीवाले पाट्या उचलून गल्लीत पसार झाले. रूबीबाई तेवढ्या बसून राहिल्या. पुढ्यात करंज्यांची टोपली, शेजारी मुलगी पाझित, तिच्या हातात सकाळचा पेपर.

"इमा, उठू नकोस," पाझित आईला म्हणाली. "आजपासून परवान्याशिवाय विकणं गुन्हा नाही. इथं छापलंय."

"छापलंय गं. त्या सार्जंटनं वाचलंय काय?"

अकरा वर्षं रूबीबाई त्या टोपीपुढे पळत होत्या. एकाच शुक्रवारी पाय मागे पडले, तर रात्र ठाण्यात गेली आणि घरी शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावायचा शब्बाथचा दिवा लागला नाही. आजही शुक्रवारच होता, दुपार कलली होती आणि गुडघे तर आता पळू देत नव्हते.

सार्जंट शिमोन येऊन समोर उभा राहिला. रूबीबाईंनी बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे केले.

"ने बाबा," त्या मोडक्या हिब्रूत म्हणाल्या. "पण दिवा लावायच्या आत सोड."

"कुठं नेऊ, मावशी?" सार्जंट म्हणाला. "ठाण्यात तुझ्यासारख्यांना आता घेतच नाहीत. बस निवांत."

रूबीबाई थक्क झाल्या. त्यांनी मान वर केली. माणसं चालली होती, बसेस वळत होत्या, आणि रूबीबाई भर उन्हात, सरकारच्या फुटपाथवर, राजरोस बसल्या होत्या. केवढा रुंद होता हा रस्ता! पळणाऱ्या माणसाला तो कधी दिसतच नाही.

त्यांचे हात मात्र तसेच पुढे होते. ते खाली करावेत म्हणून सार्जंटनं आपला हात पुढे केला, आणि इथं रूबीबाईंची गफलत झाली. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या, प्रार्थनालयात प्रार्थना संपली, की समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. हातबोशी म्हणतात या रीतीला. जन्माची सवय ती. त्यांनी सार्जंटचा हात तसाच धरला, सोडला आणि आपली बोटं ओठांना लावली.

"इमा! पोलीस आहे तो!" पाझित लाजून चूर झाली.

सार्जंट आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि चाचपडत, त्या बाईनं केलं तसं, आपली बोटं ओठांना लावली.