शनिवारचा फोटो

“उठा तिथून, मावशी!” शिवकन्या ओरडली, तशी वाचनालयातल्या पाचही वाचकांची डोकी पेपरातून वर आली.

बाणूबाई मात्र हलली नाही. खांद्यावर घोंगडी, हातात पेपर, आणि तोही उलटा. धनगराच्या या म्हातारीला अक्षराचा गंध नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी सहा महिने झाले, दर शनिवारी बाराच्या आत ती येऊन पहिली खुर्ची धरायची. कारण बाराला शिवकन्या वाचकांचा फोटो काढून वाचनालयाच्या वेबसाइटवर टाकायची.

त्या वेबसाइटवर शिवकन्याचा भारी जीव. नवी पुस्तकं, वेळा, सुट्ट्या, सगळं ती एकटी ताजं ठेवायची. पुण्याला, बंगळूरला पोटासाठी गेलेली गावची पोरं ती रोज उघडून बघायची. आणि त्यातल्याच एका शहाण्यानं फोटोखाली लिहिलं होतं, ‘आपल्या गावात पेपर असाच वाचतात काय?’

ते वाचून अध्यक्ष उद्धवराव सकाळीच येऊन चारचौघांत बरसून गेले होते. “सोमवारी जिल्ह्याचे ग्रंथालय साहेब वेबसाइट बघणार हाईत. आज ही म्हातारी फोटोत दिसली, तर तुझ्या जागी दुसरी पोरगी बघतो.” तीन वर्षं शिवकन्या तात्पुरती म्हणून राबत होती. सोमवारी साहेबांनी होय म्हटलं की कायम होणार होती. उद्धवरावांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. सगळा राग म्हातारीवर निघाला.

“वाचता येत न्हाई, काय न्हाई. कामून येऊन बसता? या वयात फोटूची एवढी हौस?”

“एक डाव काढ गं लेकी. लगीच जाते.”

“न्हाई म्हनलं ना!”

शिवकन्यानं तिच्या हातातला पेपर हिसकला. दंडाला धरून तिला पायरीपर्यंत आणलं. वाचकांनी डोकी पुन्हा पेपरात घातली. एकालाही मध्ये पडावंसं वाटलं नाही.

पायरीवर म्हातारी थांबली. “मग आज नवा लावू नको. मागचाच राहू दे की.”

हट्टाला काही सुमार! शिवकन्याचं डोकं आणखीच भडकलं. तिनं दार लोटलं, पाच वाचकांचा फोटो काढला आणि तिथल्या तिथं चढवला. फोटो छान आला होता. उद्धवरावांनी फोन करून शाबासकीही दिली.

दोन वाजता फोन पुन्हा वाजला.

“अक्का, मी सिद्धू. पुण्याहून बोलायलोय. बाणूबाईचा धाकटा.”

सिद्धूनं जातीबाहेर लग्न केलं होतं. तेव्हा थोरल्या भावानं आईला आण घातली होती, त्याच्याशी एक शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. म्हातारीनं ती आण मोडली नव्हती, हेही गावाला ठाऊक होतं.

“बोल,” शिवकन्या म्हणाली.

“सा म्हैनं दर शनवारी फोटूत माय दिसायची. आज न्हाई.” त्याला रडू आवरेना. “मी निघालोय, अक्का. दादाला सांगा, मी येईस्तोवर मातीला नेऊ नका म्हनावं.”