दहाव्या बोल्टचे आटे

इंजिनच्या ब्लॉकवर हेड आवळायच्या बोल्टची दहा भोकं होती. सहांचे आटे शाबूत होते. तीन भोकांचे गंजून गेले होते. स्नेहलने ती भोकं मोठी करून आत नवे आटे बसवले, आणि जोर काट्यावर दाखवणाऱ्या रेंचवर सत्तर न्यूटन-मीटरपर्यंत आवळूनही ते तीन बोल्ट टिकले. राहिलं होतं दहावं.

गंगापूर रोडवरच्या आपल्या गॅरेजात ती ते तिसऱ्यांदा मोजत होती.

"एवढं मोजमाप मी बागेत केलं, तर घडाच्या मनुका व्हतील," खंडेराव म्हणाले. ते निफाडहून सकाळच्या एसटीने आले होते आणि स्टूल दिलं तरी उभेच होते.

इंजिन त्यांच्या मुलाच्या गाडीचं. अकरा वर्षांपूर्वी सोमनाथने ते स्वतः खोललं होतं. जोडायला तो राहिला नाही.

"त्याच्या आईला आता दिसत नाय," खंडेराव म्हणाले. "पण गाडी फाट्यावर वळली का आवाज वळखायची ती. म्हणती, एकदा ऐकवा."

स्नेहलने भोकात बॅटरी मारली. तळाशी नुसता गंज नव्हता. तिने सुईने खरवडून भुकटी पांढऱ्या कागदावर पाडली. त्यात तांबूस, चकाकणारे कण होते.

"काका, हे ठेवलं कुठे होतं?"

"फवारणीच्या खोलीत. पण लय जपलं हां. छाटणी झाली का खोडांना बोर्डो पेस्ट लावतो ना आपण, मोरचूद आन् चुना कालवून. तवा दर साली ह्यालाबी लावायचो. भोकांत पार आतपातुर, काडीनं. खोडाला टिकवतं, मग लोखंडाला का नाय."

मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं, हे कसं सांगावं याची तिने मनात जुळवाजुळव केली. कागद त्यांच्यापुढे धरला. सांगायची गरज पडली नाही. मिश्रणात चुना पुरेसा आहे का, हे बागायतदार लोखंडी खिळा बुडवून बघतात. खिळ्यावर तांबं चढलं, तर ते खोडाला लावत नाहीत.

खंडेरावांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"खिळा लाल झाला," ते म्हणाले. "झाडांसाठी दर वेळी खिळा बुडवून बघायचो मी. ह्याला उरलंसुरलं मोरचूद परत कालवून लावायचो. त्यात काय बघायचं."

"दुसरा ब्लॉक मिळेल, काका. भंगारात असतात."

"त्यातून त्योच आवाज यील?"

स्नेहलने ड्रिल उचललं. भोक मोठं केल्यावर इंजिनात पाणी खेळतं त्या बाजूची भिंत दोन मिलिमीटरही उरली नाही. तिने जाड बुश, म्हणजे पोलादी नळी, ठोकून बसवला, त्यात आटे पाडले, बोल्ट तेल लावून हाताने फिरवला. तो सरळ आत गेला.

ब्लॉक हलू नये म्हणून खंडेरावांनी त्यावर दोन्ही तळवे दाबून धरले. तो स्टँडला चार बोल्टांनी पक्का केलेला होता. तिने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.

"सोमाच्या आईला ह्ये पेस्टचं बोलू नको, पोरी."

"नाही बोलणार."

तिने रेंच लावला आणि ओढायला सुरुवात केली. सत्तरपर्यंत जायचं होतं. वीस आलं, मग तीस, मग एकेचाळीस. पाव फेरा पुढे, काटा घसरून नऊवर आला. बुश भिंतीतून सुटला होता.