आणखी तीन बोटं

माझ्या नवऱ्याला, वॉरेनला, स्वर्ग दोन बोटं उरला होता. आधीच उंच केलेल्या पिकअपला सगळ्यात मोठे टायर बसवायचे होते. गाडी सुरू करत त्यानं दुकानदाराला फोन लावला. “गाडी आणखी तीन बोटं वर जाईल. काढून ठेवू?” स्पीकरवरून दुकानदाराचा आवाज आला. “शिडीही काढा, मला चढायला,” मी शेजारून म्हणाले. नवरा हसला. लेकीच्या तीनचाकीला मी काठीवर नारिंगी झेंडा लावला, तेव्हाही असाच हसला होता. “पोरगी खाणीत चाललीय?” आमच्या वायोमिंगच्या खाणींत छोट्या गाड्यांना असे झेंडे असतात, उंच डंपरवाल्यांना दिसाव्यात म्हणून. त्यानं ब्रेक सोडला. “वॉरेन, थांब!” गाडी गचकन थांबली. बॉनेटच्या काठावर नारिंगी टोक थरथरत होतं. खालून, आजीकडे सोपवलेल्या लेकीची घंटी वाजली. “मग, काढू ना मोठे?” दुकानदारानं विचारलं. झेंडा बॉनेटच्या जेमतेम दोन बोटं वर होता.