दाराजवळची खुर्ची

कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या त्या ऑफिसात साहेबांचा एक हातखंडा प्रयोग होता. ज्या उमेदवाराला नोकरी लावायची, त्याला कंपनीवाले यायच्या वेळी आपल्याच रिसेप्शनच्या खुर्चीत बसवायचं. "माणूस कागदावर दाखवू नका रे, कामात दाखवा," असं ते हाताखालच्यांना उठता-बसता ऐकवत. पाहुणा केबिनपर्यंत पोचायच्या आतच निवड झालेली असे.

आज नेमकी उमेदवाराने ऐनवेळी टांग दिली, आणि पहिल्यांदाच येणाऱ्या, एका दवाखान्याच्या मॅनेजरबाई तर जिना चढत होत्या. साहेब धावत जाऊन स्वतःच त्या खुर्चीत बसले. हसतमुखाने बाईंना पाणी दिलं, तेवढ्यात खणखणलेला फोन उचलला आणि "तुमचा माणूस पळाला!" म्हणून तडतडणाऱ्या गिऱ्हाइकाला पार लोण्यासारखं मऊ केलं.

बाई एकदम खूश. "मला दुसरं कुणी दाखवूच नका, तुम्हीच या! रविवारी सुट्टी, संध्याकाळी वेळेत घरी, आणि लोकांच्या शिव्या खायला वर आम्ही बसलोयच. जा, तुमच्या साहेबांना विचारून या."

रविवारी सुट्टी! साहेबांना भरूनच आलं. ते आत गेले आणि रिकाम्या केबिनचं दार त्यांनी लावून घेतलं.

 

थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "साहेब म्हणाले, खुशाल न्या. आणि मी टिकलो नाही, तर बदली माणूस फुकट."